विहिरीवरची रेघ

वसुबारसेच्या संध्याकाळची गोष्ट. गाय-वासराला ओवाळून घरातली मंडळी आत गेली होती आणि मी ओट्यावर बसून सहामाहीचे पेपर तपासत होतो. इतक्यात आमच्या गल्लीतले आबा तावातावाने आले. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकले-सवरलेले. ह्या फोनात बघा, माझी इहीर नानाच्या रानात गेली!"

नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. विहीर दोघांच्या बांधालगतची, पण वाटणीत आबांकडे आलेली. कोणी उत्साही पोराने फोनवर गावचा नकाशा उघडून दिला होता. खाली उपग्रहाने टिपलेले शिवाराचे चित्र आणि त्यावर गटांच्या पिवळ्या रेघा. त्या रेघांप्रमाणे आबांची विहीर चांगली पाचसात पावले नानांच्या हद्दीत दिसत होती. नानांनीही ते पाहिले होते, आणि पाहिल्यापासून ते गप्प होते. खेड्यात भावाभावांत भांडण झाले तर ते मिटते. एक भाऊ गप्प झाला की मात्र घरच्या बायका काळजीत पडतात.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो, एवढाच माझा अधिकार. नकाशाचे गूढ मला काय उकलणार? पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला हेच काम करतो. नकाशे काढणारी, मोजणारी, एकावर एक रचून दाखवणारी संगणकाची अवजारे तो बनवतो. या शास्त्राला ते लोक जीआयएस म्हणतात. दिवाळीला तो गावी आला होता. त्याच्यासोबत चार रात्री बसून मी जे ऐकले, आणि पुढे वाचून जे जुळवले, ते वाचकांपुढे ठेवतो. विहिरीचे काय झाले तेही सांगेन. पण त्यासाठी आधी चारशे वर्षे मागे जावे लागेल.

आमचे देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात, औरंगाबादच्या म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलखात. या मुलखाला जमीन मोजण्याचा नाद जुनाच. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद. त्याने जमिनीची पाहणी करून जो धारा बांधला, त्याचे नाव पुढे मराठ्यांच्या कागदांतही टिकून राहिले. त्यानंतर १६५० च्या दशकात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खान नावाचा दिवाण आला. दुष्काळ आणि लढायांनी उजाड झालेल्या गावांची त्याने पुन्हा मोजणी करविली. त्याच्याविषयी असे सांगतात की, मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून तो कित्येकदा स्वतःच जरीबेचे एक टोक हातात धरून उभा राही. एवढा मोठा दिवाण शेतात उभा राहून दोरी धरतो, हे चित्र मला फार आवडते.

दोरीत लबाडी कशी होणार, असे कोणी विचारील. अकबराच्या काळी ही मोजणीची दोरी तागाची असे. ती दंवात भिजली की आखडे आणि उन्हात वाळली की लांबे. म्हणजे एकच शेत सकाळी एक भरायचे आणि दुपारी दुसरे! म्हणून अकबराने दोरी काढून टाकून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब सुरू केली. ऐने-अकबरीत ही हकीकत आहे. नकाशाच्या इतिहासात मला जागोजाग हीच दोरी दिसली. माप चुकते ते बहुधा मोजणाऱ्याच्या डोळ्यामुळे नव्हे, तर मापच आपली लांबी बदलते म्हणून.

इंग्रज आल्यावर मोजणीचे दोन वेगळे ओघ सुरू झाले, आणि ते दीडदोनशे वर्षे एकमेकांना भेटलेच नाहीत. आबांच्या विहिरीचे सारे दुखणे यात आहे.

पहिला ओघ आकाशाकडे पाहून मोजणाऱ्यांचा. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सपाट जमिनीवर पोलादी साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. त्याचे कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटून वाकले. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून वाट पाहत बसला असता. हा गृहस्थ तंबूत शिरला आणि सहा आठवडे ठोकून-ताणून त्याने ते यंत्र पुन्हा सरळ केले. १८१५ मध्ये त्याने निजामाच्या राज्यात बीदरजवळ आणखी एक पायारेषा मोजली. १८२३ मध्ये वर्ध्याकडच्या हिंगणघाटला कामावर असतानाच तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्याकडे शिखरामुळे एव्हरेस्टचे नाव पोराटोरांना ठाऊक. हिंगणघाटला मात्र किती जण वाट वाकडी करून जातात कोण जाणे.

लॅम्ब्टनमागून जॉर्ज एव्हरेस्टने ते त्रिकोण हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पृथ्वी चेंडूसारखी गोल नसून संत्र्यासारखी दोन्ही टोकांना चपटी आहे, हे शाळेत आपण शिकतो. पण ती नेमकी किती चपटी, याचा आकडा ठरवल्याखेरीज नकाशा काढता येत नाही. एव्हरेस्टने १८३० मध्ये हिंदुस्थानच्या मोजणीवरून तो आकडा काढला, आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठिकाणाला मूळबिंदू मानून सगळ्या देशाचे नकाशे त्यावर बसले. हे माप हिंदुस्थानच्या अंगावर बेतून शिवलेल्या बंडीसारखे होते. इथे ते छान बसे. बाकीच्या जगाला मात्र बसेलच असे नाही.

दुसरा ओघ मातीकडे पाहून मोजणाऱ्यांचा. मुंबई इलाख्यात प्रिंगल साहेबाने केलेली पहिली मोजणी इतकी चुकली की १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून ती नव्याने सुरू केली. हीच पद्धत पुढे निजामाने उचलली आणि १८७० च्या दशकापासून आमच्या मराठवाड्यात मोजणी सुरू झाली. तिची अवजारे दोनच, साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६, आणि भागाचे नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. रुपयाचे आणे केव्हाच गेले, पण मोजणीच्या कागदावर ते अजून जिवंत आहेत. शेतात मधोमध साखळी ताणायची, शंकूने काटकोन धरून कोपऱ्यांची अंतरे घ्यायची आणि ते आकडे कच्च्या आकृतीवर टिपायचे. त्या कागदाचे नाव टिपण. टिपणांवरून मग सबंध गावचा नकाशा काढायचा.

या मोजणीने कोणत्याही ताऱ्याकडे पाहिले नाही. तिला अक्षांश-रेखांश माहीत नाहीत. प्रत्येक गाव म्हणजे एक बेट. सारा वसूल करायला तेवढे पुरे होते. सरकारला शेत किती आहे ते हवे होते. ते पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहे, याच्याशी काय कर्तव्य? गावठाणावर सारा नसल्याने घरांच्या जागा तर तशाच सोडून दिल्या. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि ड्रोन उडवून देशभर गावठाणे मोजायचे ठरले, ती ही जुनी उणीव भरून काढण्यासाठी. त्याचा आरंभीचा प्रयोग आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला होता.

आता दोन्ही ओघ आमच्या गावाजवळ कसे भेटतात ते पाहा. सर्वेक्षण खात्याच्या नकाशांच्या पानांना क्रमांक असतात. २० अंश उत्तर अक्षांशावर ४६ क्रमांकाचे मोठे पान संपते आणि ४७ सुरू होते. ७५ अंश पूर्व रेखांशावर त्यांचे उपविभाग बदलतात. या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू आमच्याच टापूत, देवगावाहून फार लांब नाही. त्यामुळे ज्याला आमचा टापू चहूबाजूंनी पाहायचा असेल त्याला ४६ एल, ४६ पी, ४७ आय आणि ४७ एम अशी चार पाने शेजारी-शेजारी मांडावी लागतात. जगभरच्या नकाशाकारांनी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडले आहेत, त्यांतल्या ४३ व्या पट्ट्याची मध्यरेषाही हाच ७५ वा रेखांश. हे ऐकून मला उगाचच बरे वाटले. आमच्या गावाला एसटीच्या पाटीपलीकडे काही महत्त्व असेल असे कधी वाटले नव्हते.

ती चार पाने संगणक चिकटवतो कशी? माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, कल्पना सोपी आहे. काचेसारखे पारदर्शक कागद एकावर एक ठेवायचे. एकावर नद्या, एकावर रस्ते, एकावर शेते. फक्त सगळ्यांचे कोपरे जुळले पाहिजेत." ही कल्पना संगणकावर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कॅनडात उतरली, १९६० च्या दशकात, रॉजर टॉमलिन्सन हा तिचा जनक. १९६९ मध्ये अमेरिकेत एस्री ही कंपनी निघाली आणि पुढे या धंद्याची सावकार झाली. १९८२ च्या सुमारास तिथल्याच लष्कराच्या अभियंत्यांनी ग्रास नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आणि ते लोकांना खुले केले. २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन याने स्वतःच्या गरजेपोटी एक लहानसे नकाशे पाहण्याचे अवजार लिहायला घेतले. आज क्यूजीआयएस म्हणून जगभर वापरतात ते हेच. ते फुकट मिळते आणि त्याच्या पोटातले सगळे लिखाण कोणालाही वाचता, बदलता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचेही धडे आहेत.

फुकट आणि विकत या प्रश्नावर माझा विद्यार्थी फार तावाने बोलतो. गुगलचा नकाशा २००५ मध्ये आला. तो आपल्या कामात जोडून घेणे सोपे, म्हणून लहानमोठ्या कितीतरी मंडळींनी त्यावर आपली दुकाने मांडली. आणि २०१८ मध्ये कंपनीने फुकटची मर्यादा आखडून दर वाढवले. तेव्हा अनेकांनी ओपनस्ट्रीटमॅपची वाट धरली. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडात सुरू केलेला तो नकाशा म्हणजे गावजत्रेसारखा, ज्याने-त्याने आपली वर्गणी घालायची. मॅपबॉक्स या कंपनीनेही २०२० च्या अखेरीस आपले खुले अवजार बंदिस्त केले. तर वापरणाऱ्यांनी आदली खुली प्रत घेऊन मॅपलिब्रे नावाने वेगळी चूल मांडली. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यानंतर ओलाने आपला स्वतःचा नकाशा पुढे आणला, आणि त्याच ऑगस्टपासून गुगलचे भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत खाली आले! माझे मत विचाराल तर बाजारातली विकत घेतलेली छत्री वाईट नसते, पण छपराचे लाकूड आपल्या मालकीचे असावे. सरकारी दप्तराचे नकाशे तरी परक्या कुलपात राहू नयेत. माझा विद्यार्थी मात्र असेही म्हणाला की, फुकटच्या अवजारांवर जगणारे सगळे आहेत, त्यांची डागडुजी करणारे थोडे, आणि त्या थोड्यांचे पोट कसे भरते याची चौकशी कोणी करत नाही. यावर मला उत्तर सुचले नाही.

नावांचा गोंधळ हा आणखी एक विषय. महाराष्ट्रात देवगावे कितीतरी. म्हणून आमच्या गावाला रंगारी हे नाव जोडलेले. इंग्रजीत कोणी 'देव' लिहितो, कोणी 'देओ'. आणि यंत्राला वाटते ही दोन वेगळी गावे. पोराने त्याच रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर गावाचे नाव देवनागरीत तपासून घेतले. पाहून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या शाळेचंही नाव घाला ना!" तेही घातले.

आपल्याकडे हे सारे इतके सहज नव्हते. सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षे सामान्य माणसाच्या हाती येत नसत. २००५ च्या धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामाला ठरवली. २०१७ मध्ये ती पाने संगणकावरून उतरवून घेण्याची सोय झाली. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी देशी कंपन्यांवरची पूर्वपरवानगीची अट उठली. दरम्यान इस्रोचे भुवन २००९ मध्ये आलेच होते.

आता आबांच्या विहिरीकडे वळू.

पाडव्याच्या दिवशी सकाळी मी आबांना बोलावले. नानांना बोलवायला माझी पत्नी स्वतः गेली, कारण तिचा शब्द ते मोडत नाहीत. दोघे ओट्याच्या दोन टोकांना बसले. पोराने लॅपटॉप उघडला आणि आधी दोघांच्या पाया पडला.

"आबा, नाना," तो म्हणाला, "फोनातला नकाशा खोटा नाही. पण तो कोणीतरी खाली ठेवलेल्या चित्रावर चिकटवलेला आहे. कुठल्या खुणा धरून चिकटवला, ते आपल्याला दिसत नाही."

मग त्याने गावाच्या जुन्या नकाशाची प्रत घेतली आणि उपग्रहाच्या चित्रावर ती बसवायला सुरुवात केली. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, मारुतीच्या देवळामागचा बांधाचा कोपरा आणि नाल्याचे वळण अशा तीन खुणा त्याने धरल्या. नकाशा थोडा ताणला, थोडा फिरला, आणि विहीर नानांच्या गटात गेली. आबांचा चेहरा पडला. "थांबा," म्हणत त्याने नाल्याची खूण काढून टाकली आणि दुसऱ्या शिवेवरचा दगड धरला. नकाशा पुन्हा सरकला. विहीर आबांकडे आली.

नाना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. "नाला तर सरकला ना बाप्पा. आम्ही लहान असताना पुरात तिकडून इकडे आला."

पोरगा हसला. मग त्याने आणखी एक आकडा सांगितला. असे जुने गाव-नकाशे बहुतेक मैलाला आठ इंच या प्रमाणात काढलेले. त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर जमिनीवर ती जवळजवळ चार मीटर रुंद होते. त्याने पडदा मोठा केला. बांधाची रेघ रस्त्याएवढी जाड दिसू लागली, आणि विहिरीचा गोल त्या रेघेच्या पोटात मावला.

"म्हणजे इहीर कोणाची?" आबांनी विचारले.

"रेघेची," पोरगा म्हणाला.

कोणीच हसले नाही. पण नाना सरकून थोडे अलीकडे बसले.

त्यानेच मग समजावले की उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात, आणि ते माप, १९८४ चे, सगळ्या जगासाठी एकच आहे. ती तयार कपड्यांच्या दुकानातली बंडी. एव्हरेस्टच्या बंडीवरून या बंडीवर जाताना आकडे बदलून घेतले नाहीत, तर आमच्या भागात वस्तू शंभर-सव्वाशे मीटर सरकते. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या पानांचे निदान एवढे गणित करता येते. गाव-नकाशाला तर मुळात बंडीच नाही, तो उघडाच. त्याला शिवेच्या दगडांनीच धरून उभा करावे लागते, आणि ते दगड शाबूत असतील तरच.

पण नकाशाहून जास्त विश्वासाचा कागद टिपण, हे सांगणारा पोरगाच. कारण नकाशात रेघ असते, टिपणात आकडा. आबांच्या पेटीत वडिलांच्या वेळची एक नक्कल निघाली. ती उर्दूत! निजामाच्या अमदानीतले दप्तर ते. सेतवार म्हणा, खासरा म्हणा, आमच्याकडे जुन्या जमिनीचा विषय निघाला की फारसी-उर्दू शब्दांवाचून चालतच नाही. आकडे कोणालाच लागेनात. शेवटी मशिदीजवळच्या शिलाईवाल्या चाचांना निरोप गेला. ते फराळाच्या वेळीच आले. चिवड्याची बशी बाजूला सारून त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि सावकाश वाचले, "तेरा साखळी, पाच आणे." पोराने लगेच हिशेब केला. चारशे एकोणचाळीस फूट आणि वर थोडे, म्हणजे १३४ मीटरला जरा कमी.

दुपारी सगळे रानात गेले. शिवेवरचा दगड बाभळीखाली निम्मा मातीत गेलेला होता. आबांनी कुदळीने भोवती उकरून तो मोकळा केला. टेपाचे एक टोक आबांनी दगडावर दाबून धरले, दुसरे घेऊन नाना विहिरीकडे चालत गेले. टेप तीसच मीटरचा, म्हणून चारपाच वेळा खुणा करून पुढे जावे लागले. सरकारी मोजणीखेरीज याला काही किंमत नाही, हे पोराने आधीच बजावले होते. मोजणीच्या अर्जावर त्याच संध्याकाळी दोघा भावांनी सह्या केल्या, फी निम्मी-निम्मी. मोजणी व्हायची आहे. तोवर मोटार एक दिवस आबा चालवतात, एक दिवस नाना.